कानाने बसवलेलं गाणं: तुमचे अनुभव सांगा (गिटार, पेटी, काहीही)

पांझराकाठ
काल रात्री साडेनऊला लाईट गेली. धुळ्यात एप्रिलमध्ये लाईट गेली की आख्खी गल्ली ओट्यावर येते, आम्हीही आलो. कूलर बंद, टीव्ही बंद, आणि मागच्या बिल्डिंगमधून गिटार ऐकू आली. कोणीतरी पोरगा गाणं बसवत होता. दोन ओळी बरोबर, तिसरीला अडकला. परत पहिल्यापासून. परत तिसरीलाच. बायको म्हणे, एकटेच काय हसताय? तिला काय सांगू, 1998 साली अमळनेरला खोली करून राहायचो तेव्हा मी त्याच गाण्याच्या त्याच ओळीला दीड महिना अडकलो होतो.

गाण्याचं नाव सांगत नाही, नाहीतर सगळे त्यावरच बोलतील.

गिटार सेकंडहँड, आठशेची, सहापैकी पाच तारांची. क्लास नाही, पुस्तक नाही. टेपवर अर्धी ओळ ऐकायची, पॉज, तारेवर शोधायची, रिवाइंड. तेवढ्याच जागी रीळ इतकं घासलं गेलं की तिथे गायकाला सर्दी झाल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या ओळीला ए मायनर कॉर्डवरून डी मायनरवर जायचं, एवढं कळत होतं. पण वाजवलं की अळणी भाजी. एकदा ए मायनरचं एक बोट उचलायचं राहून गेलं आणि एकदम बरं वाटलं. मग तेच धरलं. कॅसेटमध्ये ते तसं नाहीच, हे पंधरा वर्षांनी कळलं. आता कुठे मूळ गाणं लागलं तर त्या जागी मला तेच चुकल्यासारखं वाटतं.

तुमचं सांगा.

केळीवाला रावेर
पहिला! कोणतं गाणं भाऊ?

पांझराकाठ
नाही म्हणजे नाही.

वरातीतला
मन्हा मामा बँडमा क्लॅरिनेट वाजाडे, त्याचं सांगतो. लग्नसराईत नवीन गाणं आलं की नवरदेवाकडच्यांना तेच पाहिजे, तेही उद्याच. मामा टेप कानाला लावून ओट्यावर बसायचा. पहिल्यांदा नुसतं ऐकणार, दुसऱ्यांदा गुणगुणणार, तिसऱ्यांदा क्लॅरिनेट तोंडात. रात्री बाकीच्यांना बोलावून एकेकाला त्याचा तुकडा तोंडाने म्हणून दाखवायचा. नोटेशन वगैरे काही नाही, मामाला सहीसुद्धा जेमतेम येते. सकाळी वरातीत आख्खा बँड वाजवतोय. मधलं म्युझिक आठवलं नाही तर तिथे ढोलताशा जोरात करायचे, कोणालाच कळायचं नाही. मी त्यांच्याकडूनच शिकलो, गिटार नाही, बँजो. बुलबुलतरंगवाला बँजो, इंग्रजी पिक्चरमधला नाही.

केळीवाला रावेर
मधलं म्युझिक विसरलं की ढोल 😂😂 आमच्या काकाच्या लग्नात अर्धा तास नुसता ढोलच होता, आता कळलं का

गिरणा टाकळी
पांझराकाठ भाऊ, तुमचे सेल उतरलेले होते का? विचारण्याचं कारण, माझं तसंच झालं. आमच्याकडे तेव्हा भारनियमन, टेप सेलवर. सेल अर्धे मेले की मोटर हळू फिरते आणि गाणं खाली उतरतं. वेग सहाएक टक्के कमी झाला की बरोब्बर एक पट्टी उतरते. मला काय माहीत! मी तारा ढिल्या करून करून त्या उतरलेल्या टेपला जुळवल्या आणि गाणं बसवलं. मग कॉलेजच्या गॅदरिंगला पेटीवाल्याने मूळ पट्टीत सुरुवात केली. मी खाली, तो वर. पहिल्या रांगेत प्रिन्सिपल. मी हळूच गिटार बाजूला ठेवली आणि टाळ्या वाजवायला लागलो, जणू माझं कामच ते होतं.

पांझराकाठ
😂 आमचा टेप लाईटवरचाच होता, पण डोकं उतरलेलं असेल.

मेहरूण
आरडी बर्मनचं 'चुरा लिया है तुमने', 1973 चं. त्याच्या सुरुवातीची ती किणकिण मी पातळ तारेवर दोन महिने शोधत होते. बाराव्या घराच्या पुढे जाऊन जाऊन बोटं सोलली. नंतर कुठेतरी कळलं की ती तार नाहीच, काचेवर चमचा वाजवलाय! स्वयंपाकघरात जाऊन ग्लासवर चमचा वाजवला आणि मिळाली. सासूबाई म्हणाल्या, जेवायला बोलावतेयस का?
त्यातली गिटार भूपिंदर सिंगची, गझला गायचा तोच. ती अजून येत नाही. किणकिण येते 😄

शहाद्याची लेक
माझं उलटं आहे. मला गाणं कॅसेटवरून नाही, आईकडून बसवायचं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हणतात ना, गौराईची, त्यातलं एक. मी पुण्यात असते, आता आईला झोक्यावर बसवत नाही म्हणून वाटलं निदान घेऊन ठेवावं. फोनवर रेकॉर्ड केलं, गिटार घेतली. पहिल्या कडव्याला सी, बसलं. दुसऱ्या कडव्याला आई अर्धी पट्टी वर. चौथ्याला अजून वर, कारण तोपर्यंत तिला रंग चढलेला. मी कॅपो (पट्टी चढवायचा चिमटा) सरकवते, ती पुढे. आणि ताल म्हणाल तर चारात बसत नाही, तीनात बसत नाही. झोका लांब गेला की ओळ लांब, झोका आखूड की ओळ आखूड. झोका नसतानासुद्धा! खुर्चीवर बसून म्हणत होती आणि अंग पुढेमागे. आईला म्हटलं, एका जागी थांब ना. तर म्हणे, तुन्ही पेटीले सांग मना मांगे ये. (गिटारला ती पेटीच म्हणते.)
ताल धरायचं मेट्रोनोम ॲप डिलीट केलं. आता तिचं अंग बघून वाजवते, व्हिडिओ कॉलवर. आवाज थोडा मागे येतो पण चालतं.

मेहरूण
ताई ❤️ रेकॉर्डिंग जपून ठेवा, दोन ठिकाणी ठेवा.

वरातीतला
आखाजी म्हटलं की सांजोरी आठवली. आमरस आणि सांजोरी. आता कोण करतं घरी?

केळीवाला रावेर
आमच्याकडे करतात. या.

वरातीतला
पत्ता टाका, लगेच येतो

सातपुडा पॅसेंजर
सांजोरी बाजूला ठेवा. ट्यूनर नसताना तार कशाशी जुळवायचा तुम्ही? मी डीपीशी, म्हणजे शेतातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरशी. खरंच. यावलकडे आमची केळी, पाण्याला वीज रात्रीची, म्हणून रात्री दोनला मोटर चालू करून बांधावर बसायचो, सोबत गिटार. डीपीचा घूंऽऽ कायम एकच सूर. पुढे डिप्लोमाला गेल्यावर कळलं, वीज 50 हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मर दुप्पट म्हणजे 100 ला घुमतो. आणि जाड तारेच्या तिसऱ्या घरातला जी असतो 98. म्हणजे जवळपास बरोबर, किंचित चढा. सगळी गाणी मी त्या किंचित चढ्या सुरात बसवली, बाजूच्या मळ्यातला कुत्रा रडायचा.

गिरणा टाकळी
म्हणजे आपण दोघं एकत्र वाजवायला बसलो तर मी एक पट्टी खाली, तुम्ही किंचित वर 🙏

मेहरूण
रात्री दोनला केळीत गिटार. लोकांना भूतच वाटलं असेल.

सातपुडा पॅसेंजर
वाटलंच. एक सालदार आठ दिवस कामाला आला नाही.

भुसावळ यार्ड
नवीन पोरांसाठी एक युक्ती. हेडफोनची पिन पूर्ण घालायची नाही, अर्धी बाहेर ओढून ठेवायची. नेमक्या जागी आली की गायकाचा आवाज गायब होतो आणि कडेची वाद्यं उरतात, गिटार बाजूला असेल तर स्पष्ट ऐकू येते. सगळ्या गाण्यांत होत नाही, स्टिरिओ पाहिजे. वॉकमनवर बोटाने पिन धरून मी तासन्‌तास बसायचो. आता मोबाईलवर वेग पाऊणपट केला तरी सूर उतरत नाही, मजा आहे पोरांची. पण आधी जाड तारेवर खालचा सूर शोधा, वरचं नंतर. सा सापडला की बाकीचे येतात शोधत.
आणि गिटार पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. मे महिन्यात माझ्या गिटारचा ब्रिज, तारा अडकवायचा लाकडी तुकडा, उचकटून आला, डिंक वितळला. रात्री दोन वाजता ठाप् करून आवाज, आईला वाटलं चोर.

केळीवाला रावेर
यार्डकर, एफ कॉर्डला काही युक्ती आहे का? दोन वर्षं झाली, माझ्या सगळ्या गाण्यांत एफ आला की मी खोकतो

भुसावळ यार्ड
त्याला युक्ती नाही. खोकत राहा.

शहाद्याची लेक
पांझराकाठ दादा, त्या मुलाला सांगितलं का ते बोट उचलायचं नाही म्हणून?

पांझराकाठ
नाही ना. चुकीचं कसं सांगू? आणि बरोबर काय ते मला वाजवता येत नाही. आज मुद्दाम नऊपासून ओट्यावर बसलोय, तिसरी ओळ कुठवर आली बघू म्हणून. पण आज लाईट आहे, गल्लीभर कूलर चालू, काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

सातपुडा पॅसेंजर
डीपीचा फ्यूज काढू का? पाचच मिनिटं.