पुणे ते कन्याकुमारी सायकलने: पाच सायकलींसाठी सुटे भाग काय न्यायचे आणि कोणाकडे ठेवायचे?

चढउतार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. २६ डिसेंबरला आम्ही पाच जण पुण्याहून सायकलने कन्याकुमारीला निघतोय. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर, बंगळूर आणि पुढे होसूर, कृष्णगिरी, सेलम, करूर, दिंडीगल, मदुराई, तिरुनेलवेली असा सरळ हायवे धरणार आहोत. अंतर साधारण दीड हजार किलोमीटर, रोज १०० ते १२०. मागे गाडी नाही, ज्याचं सामान त्याच्या कॅरियरवर. परत येताना रेल्वे.

सायकली: तीन हायब्रिड (७००×३५, मागे ८ गियर, दोन हायड्रॉलिक डिस्कच्या आणि एक व्ही-ब्रेकची), एक रोड बाइक (७००×२५, १० गियर, रिम ब्रेक), एक एमटीबी म्हणजे माउंटन बाइक (२७.५×२.१, ७ गियरचं फ्रीव्हील, म्हणजे हबवर आट्यांनी बसणारा गियरचा संच, केबलचे डिस्क ब्रेक).

यादी करत गेलो तर प्रत्येकी चार किलो नुसते सुटे भाग आणि पाने होतायत. यातलं काय घरी ठेवावं, काय राहून गेलंय आणि पाच जणांत वाटणी कशी करावी?

आउटकाढू

आधी वाटणीचं सांगतो, कारण बहुतेक गट चुकतात ते तिथेच. पाच जण दिवसभर एकत्र चालत नाहीत, दुपारपर्यंत पुढच्यात आणि मागच्यात दहा-पंधरा किलोमीटर पडतात. सायकल ज्याची बिघडते तो थांबतो, म्हणजे मागे पडतो. तेव्हा सगळ्यांचे मिळून असलेले जड पाने सगळ्यात मागून येणाऱ्याकडेच हवेत. पुढे पळणाऱ्याकडे चेन तोडायचं हत्यार असेल तर मागच्याला त्याचा काही उपयोग नाही.

प्रत्येकाकडे स्वतःच्या मापाच्या २ ट्यूब, ३ टायर लिव्हर, पंप, ४-५-६ ची अॅलन की, चेनचे २ क्विक लिंक (तुटलेली चेन हाताने जोडायचा दुवा). यात वाटणी नाही, पंप तर पाचही जणांकडे पाहिजे.

दुसरी कसोटी: वाटेत जे मिळतं ते वाहून नेऊ नका. ग्रीस, छर्रे, साधे नट, जुन्या ट्यूबचे तुकडे, वेल्डिंग हे हायवेवरच्या बहुतेक मोठ्या गावांत मिळतं. न मिळणाऱ्या गोष्टी म्हणजे ७०० ची ट्यूब, प्रेस्टा वॉल्व्हचं (बारीक, टोकाला स्क्रू असलेला वॉल्व्ह) काहीही, तुमच्या फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचे गियर बदलणारा डिरेलर ज्यावर लटकतो तो धातूचा तुकडा), तुमच्या मापाचे स्पोक, डिस्कचे पॅड. वजन यांच्यावर खर्च करा.

‘२८ ची ट्यूब द्या’ म्हणून गावातल्या दुकानात मागू नका. साध्या काळ्या सायकलीचा २८×१½ टायर ६३५ मिमीच्या रिमवर बसतो आणि तुमचा ७०० चा ६२२ वर. टायर तर बसतच नाही. ट्यूब ताणून-दुमडून बसवली तरी घडीवर पुन्हा फाटते.

पंक्चरपाटी

वरच्या यादीत पॅचचं सामान घाला: दोन जणांत मिळून १५ पॅच, घासकागद आणि सोल्युशनच्या दोन छोट्या ट्यूब, दोन्ही सीलबंद. एकदा उघडलेलं सोल्युशन झाकण घट्ट लावलं तरी काही आठवड्यांत आत वाळून जातं, आणि ते कळतं नेमकं पंक्चर झाल्यावर. रस्त्यावर ट्यूब बदलायची, पॅच रात्री मुक्कामी मारायचा. सोल्युशन लावल्यावर चकाकी जाईपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटं, थांबायलाच हवं. उन्हात आणि घाईत तेवढं कोणी थांबत नाही, म्हणून ते पॅच सुटतात.

आता या रस्त्याचा खरा शत्रू. ट्रकचे टायर फुटून त्यांच्या काळ्या पट्ट्या हायवेच्या कडेला पडलेल्या असतात. त्यांतून केसाइतक्या बारीक पोलादी तारा निघतात, लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. तुम्ही चालवणार त्याच कडेच्या पट्टीवर त्या विखुरलेल्या असतात. तार टायरमध्ये शिरते आणि बाहेरून दिसत नाही, हवा हळूहळू जाते. नवी ट्यूब घातली आणि तार तशीच राहिली की दोन किलोमीटरवर पुन्हा बसलेच.

ती शोधायची रीत अशी. टायर चढवताना त्याचं छापील नाव नेहमी वॉल्व्हसमोर ठेवा. पंक्चर झालं की ट्यूब काढून हवा भरा, भोक सापडलं की वॉल्व्हपासून तिथपर्यंतचं अंतर हाताने मापून तेवढंच टायरवर मोजा. ट्यूब काढताना उलटी झाली असू शकते, म्हणून वॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना मोजायचं. त्या जागी टायर उलटा वाकवा, म्हणजे चीर उघडते. मग आतून सुती फडकं फिरवा. तारेचं टोक जिथे असेल तिथे धागा अडकतो. उघडं बोट फिरवलंत तर बोट चिरेल आणि बारीक तार तरीही हाताला लागणार नाही. काढायला अणकुचीदार टोकाचा चिमटा लागतो, नखाने ती निघत नाही. गटात दोन चिमटे ठेवा, वजन दहा-पंधरा ग्रॅम.

भोक कुठे आहे त्यावरून कारण कळतं. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप सरकलीय. स्पोकच्या भोकांवर कापडी टेप हवी, तोवर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे चालतात. वॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर पॅच टिकत नाही, ती ट्यूब टाकून द्या. हवा भरताना पंप हलला की असं होतं, म्हणून पंपाचं तोंड रिमसकट मुठीत धरा.

सामानासकट ७००×३५ ला मागे ७० आणि पुढे ६० पीएसआय ठीक. २७.५×२.१ ला ४० ते ४५. रोड बाइकला मागे ९५-१०० लागेल. टायरच्या बाजूला छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका.

आउटकाढू

चिमट्याला दुजोरा. प्रेस्टावाल्यांनी पितळी अडॅप्टर प्रत्येकी दोन घ्या, एक वॉल्व्हवरच लावून ठेवा. तो असला की पेट्रोल पंपावरची हवा चालते. पण रोड बाइकच्या बारीक टायरला तिथे जपून, क्षणात जास्त जाते. आणि श्राडर वॉल्व्हची (मोटरगाडीसारखा जाड वॉल्व्ह) ट्यूब प्रेस्टाच्या रिममध्ये जात नाही, भोक ६.५ मिमीचं असतं आणि तिला ८.५ लागतं.

गटात एक घडीचा टायर ७००×२८ घ्या. तो तिन्ही हायब्रिडवर चढतो, आणि रोड बाइकच्या ब्रेकखाली २८ ला जागा आहे का ते आत्ताच चढवून बघा. टायरची बाजू चिरली तर आतून लावायला जुन्या टायरचे ५×३ सेंमीचे चार तुकडे कापून ठेवा, कडा घासून पातळ करायच्या. तेही संपले तर दुधाच्या पिशवीची तिहेरी घडी पुढच्या शहरापर्यंत पोचवते.

घाटरस्ता_४८

स्पोक, हँगर आणि चेन याबद्दल लिहितो.

सामान लादलेल्या सायकलीचा स्पोक बहुधा मागच्या चाकात, गियरच्या बाजूला, हबजवळच्या वाकात तुटतो. त्या बाजूचे स्पोक जास्त उभे आणि जास्त ताणलेले असतात. नवा घालायचा तर गियरचा संच काढावा लागतो, म्हणजे कॅसेटसाठी (हबवर सरकवून बसवलेला गियरचा संच) लॉकरिंगचं हत्यार आणि चेनचा पाना, एमटीबीच्या फ्रीव्हीलला तिसरंच हत्यार. ते सगळं वाहण्यापेक्षा ही युक्ती करा: उजव्या बाजूचा स्पोक मापापेक्षा साधारण सेंटिमीटरभर लांब घ्या, डोकं कापा आणि टोक पक्कडने झेडसारखं वाकवा. तो कॅसेट न काढता हबच्या भोकात अडकतो आणि शहरापर्यंत नेतो. वाकवायचं काम घरीच करा, चाकावर एकदा लावूनही बघा.

स्पोकची लांबी प्रत्येक चाकाची वेगळी, आणि मागच्या चाकात डाव्या-उजव्यातही एक-तीन मिमीचा फरक असतो. दुकानात चाक नेऊन माप घ्या. प्रत्येक सायकलीचे मागचे उजवे २, डावे १, पुढचा १, निपलसकट (स्पोक रिमला आवळणारा छोटा नट), उजव्या चेनस्टेला (चेनला समांतर मागे जाणारी फ्रेमची नळी) टेपने चिकटवा. नाव लिहा, नाहीतर पाच जणांचे वीस स्पोक एकसारखेच दिसतात.

तुटला की लगेच थांबा. उजवा तुटला असेल तर रिम डावीकडे ओढली जाते. तुटक्याच्या दोन्ही शेजारचे स्पोक डाव्या बाजूचे असतात, ते अर्धा-अर्धा आटा सैल करा, रिम पुष्कळशी सरळ येते. मग नवा घालून पाव-पाव आट्याने आउट काढा, म्हणजे चाकाचा वाकडेपणा घालवा. स्पोक की तुमच्या निपलच्या मापाचीच हवी, सैल की निपलचे कोपरे झिजवते आणि मग ती फिरतच नाही.

हँगरचे आकार शेकड्यांनी आहेत. शेजारच्या हायब्रिडचा तुमच्या हायब्रिडला बसेल असं धरू नका. जुना काढून, फोटो घेऊन, त्याच्या स्क्रूसकट मागवा. सायकल उजव्या कुशीवर पडली की हा वाकतो, आणि मोठ्या चकतीवर गियर टाकताच डिरेलर स्पोकमध्ये जातो.

चेन आत्ताच मोजा. पिनेपासून पिनेपर्यंत २४ दुवे ३०४.८ मिमी भरले पाहिजेत. ३०६.४ च्या पुढे गेली असेल तर निघण्यापूर्वी बदला. ३०८ झाली असेल तर कॅसेटही गेलेली असणार. जुन्या कॅसेटवर नवी चेन चढात दात सोडते, म्हणून बदलल्यावर निदान दोनशे किलोमीटर चालवा. क्विक लिंक ७ आणि ८ गियरला एकच चालतो, १० चा वेगळा. डब्यांवर लिहा.

चढउतार

हे भारीच, मनापासून आभार. दोन शंका. हायड्रॉलिक ब्रेकचं तेल बरोबर न्यावं का? आणि कॅरियरचे बोल्ट किती घ्यावेत?

घाटरस्ता_४८

तेल नको. रस्त्यात ब्लीड करायला, म्हणजे ब्रेकमधली हवा काढून तेल भरायला, सिरिंज, नळ्या आणि स्वच्छ जागा लागते. निघण्याच्या तीन आठवडे आधी दुकानात करून घ्या, म्हणजे गळती असेल तर ती दिसायला वेळ मिळतो. तुमच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं की डॉट, हे लिव्हरवर किंवा माहितीपत्रकात बघा, चुकीचं तेल आतले सील खराब करतं. बरोबर न्यायचे ते पॅड: डिस्कवाल्या प्रत्येक सायकलीला एक जोडी, व्ही-ब्रेक आणि रोड बाइकला रबराची एकेक जोडी. धर्मपुरी ते सेलममध्ये तोप्पूर घाट उतरायचा आहे. त्याच्या आदल्या रात्री सगळ्यांचे पॅड बघा.

केबल: ब्रेकची आतली तार मागच्या ब्रेकच्या लांबीची घ्या, पुढे कापून चालते. व्ही-ब्रेकच्या हायब्रिडला आणि एमटीबीला गोल नळकांडी डोक्याची, रोड बाइकला पेराच्या आकाराची. गियरची १.१ किंवा १.२ मिमीची, गटात दोन. मोटरसायकलची केबल जाड असते, ती इथे बसणार नाही.

कॅरियरबोल्ट

बोल्टसाठी खास लॉगिन केलं. कॅरियर एम५ बोल्टवर बसतं. खालच्या बोल्टवर सगळं वजन आणि सगळी थरथर येते, तो सैल झाला की कातरला जातो, आणि तुटकं टोक फ्रेमच्या आट्यात अडकतं. गटासाठी एम५×१६ आठ, एम५×२० चार, नायलॉक नट सहा, वायसर दहा. निघण्यापूर्वी सगळे बोल्ट काढून आट्यांवर निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून बसवा. रोज सकाळी ४ ची की प्रत्येक बोल्टला लावून बघायची, पाच मिनिटांचं काम आहे. तुटलाच तर दोन होज क्लिप आणि जुन्या ट्यूबची पट्टी मध्ये घालून कॅरियर फ्रेमला आवळा. झिप टाय ओझं पेलत नाहीत, त्या केबल आणि मडगार्डसाठी, वीस पुरे. कॅरियर अजून घ्यायचं असेल तर पोलादी घ्या. ते कुठल्याही गावात वेल्ड होतं, अॅल्युमिनियमचं होत नाही.

आणखी एक. पूर्ण सामान लादून पुणे–वाई–पुणे दोन दिवस करून या. खंबाटकीच्या चढात टाच पॅनियरला (कॅरियरच्या बाजूला लटकणारी पिशवी) लागते का, सामानाचा भार एका बाजूला जातोय का, मोठ्या चकतीवर चेन चढते का हे तिथे कळतं.

मागचा_दिवा

बाकी सामानाचं थोडक्यात. डिसेंबरच्या शेवटीही तमिळनाडूत पाऊस येऊ शकतो, म्हणून चेनला ओल्या हवामानाचं तेल ५० मिली आणि दोन फडकी. प्रत्येक दुव्याच्या आतल्या रोलरवर एकच थेंब, दहा मिनिटांनी बाहेरचं पुसून टाकायचं. तेल डिस्कवर उडू देऊ नका. मागचे लाल दिवे प्रत्येकी दोन, कारण चार्जिंग संपतं ते पहाटे निघतानाच. ओआरएसच्या प्रत्येकी दहा पुड्या, पाणी अडीच लिटर वाहण्याची सोय, खिशात चिक्की किंवा खजूर. जांघा घासतात तिथे रोज सकाळी पेट्रोलियम जेली. केळी सगळीकडे मिळतात, ती भरून नेऊ नका.

रेल्वेत चढवण्यापूर्वी मागचा डिरेलर हँगरवरून सोडून फडक्यात गुंडाळा आणि चेनस्टेला बांधा. चाकं काढणार असाल तर डिस्कच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवा, नाहीतर चुकून लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येऊन पॅड चिकटतात. पॅडल काढताना डाव्याचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. काही पॅडलना १५ चा पाना लागतो, काहींना आतून ६ किंवा ८ ची अॅलन की. पाचही सायकलींचे पॅडल आत्ताच एकदा सोडून, ग्रीस लावून परत बसवा. तिथे जाऊन जाम निघाले तर तेवढा लांब पाना कोणाकडेच नसेल.

चढउतार

नवी यादी केली. प्रत्येकी दीड किलो, आणि मागच्या माणसाकडे सव्वा किलो जास्त. मागे राहणाऱ्याचे कपडे आम्ही चौघं वाटून घेऊ. रोड बाइकवर २८ चा टायर बसत नाही, ब्रेकला घासतोय. तिच्यासाठी २५ चा वेगळा घेतला.