बदललेली किडनी बंद पडली, आता दादाचं काय?

दांडियाबाजारची_ताई: आईनं दादाला दिलेली किडनी बंद पडली. मानेत नळी घालून पुन्हा डायलिसिस चालू आहे. वहिनी विचारते, किती वर्षं काढेल? आणि शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेली टॅक्रोलिमसची गोळी आता कशाला घ्यायची?

वडोदेकर: ताई, वर्षांचा हिशेब मीही विचारायचो, आता सोडला. माझीही बदललेलीच गेली. पहिले महिने जपा, जंतुसंसर्ग तेव्हाच गाठतो. नळी फार दिवस नको, हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून घ्या. गोळ्या मनानं बंद करू नका. तशा बंद केल्या की परक्या किडनीविरुद्ध लढणाऱ्या अँटिबॉडी रक्तात वाढतात, मग दुसरी किडनी जुळणं अवघड. डॉक्टर हळूहळू कमी करतात. लघवी होते का?

दांडियाबाजारची_ताई: थोडी होते.

वडोदेकर: मग रोज मोजा, पाण्याचं पथ्य त्यावर ठरतं. मी दुकानात बसतो, पण उंधियू, ती कंद घातलेली मिश्र भाजी, सुटला. त्यातलं पोटॅशियम किडनीशिवाय रक्तात साठतं, दुसरं काय!

मांडवीचा_भाऊ: आईशीही बोला. दिलेली किडनी गेली की देणाराही खचतो.