उत्तर: लेगोचे नाताळगाव सपाट का दिसते?
कापसाचा बर्फ पसरूनही लेगोचे नाताळगाव सपाट दिसते, अशी वर जी तक्रार आहे, तिचे मूळ माझ्या मते कापसात नसून सगळी घरे एकाच पातळीवर मांडण्यात आहे. मागच्या रांगेखाली जुन्या, कोणत्याही रंगाच्या विटांचे खांब रचून वर पांढऱ्या प्लेटा (लेगोचे पातळ, चपटे तुकडे) बसवल्या, की लेगोच्या २००९ च्या संचातले खेळण्यांचे दुकान २०१० च्या संचातल्या बेकरीमागे झाकले जात नाही. आणि प्लेटची उंची विटेच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटरच असल्यामुळे दोन पातळ्यांमधला उतार टप्प्याटप्प्याने, बऱ्यापैकी नैसर्गिक उतरवता येतो. कापूस मात्र मला मुळीच आवडत नाही. त्याचे तंतू विटांच्या खाचांत अडकतात. गावाभोवती लेगोची आगगाडी फिरवायची असल्यास १६ वक्र रुळांच्या वर्तुळालाच सुमारे ७० सेंटीमीटर रुंदी लागते, तेव्हा गाव पुस्तकांच्या फळीवर मांडण्याचा विचार सोडावा.