खाडीच्या पाण्याचे आकडे चांगले, तरी मासे मरतात

प्रश्न

आमचा गट वर्षभर एका खाडीचे आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांचे नमुने दरमहा तपासत आहे. खाडीत विरघळलेला प्राणवायू लिटरला ६ ते ७ मिलिग्रॅम भरतो, तरीही उकाड्याच्या दिवसांत सकाळी मेलेले मासे काठाला लागलेले दिसतात. नमुने आम्ही दुपारी पुलावरून बादली सोडून घेतो. आधी गाळ उपसावा की सांडपाण्याकडे पाहावे?

उत्तर

दुपार आणि बादली, अडचण या दोन शब्दांत आहे. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडते, म्हणून दुपारचा आकडा फुगलेला असतो. रात्रभर तेच शेवाळ आणि जिवाणू तो वापरतात, त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. शिवाय हलके गोडे पाणी वर आणि जड खारे पाणी तळाशी असे थर पडले, तर खाली प्राणवायू पोहोचत नाही, आणि बादलीत येते ते वरचेच पाणी. पहाटे, तळाच्या जरा वर, क्षारता व तापमानासह मोजून पाहा. आकडा २ च्या खाली असेल तर वेगळे कारण शोधायला नको.

उत्तर

सहमत, मात्र प्राणवायूची घट हे लक्षण आहे. शेवाळाला खाद्य मिळते ते ओढ्यांतून येणाऱ्या नत्र-स्फुरदातून, आणि खाऱ्या पाण्यात बहुधा नत्रच निर्णायक ठरते. ओढ्यांत तीव्रतेबरोबर प्रवाहही मोजा. लिटरला ५ मिलिग्रॅम नत्राचा, सेकंदाला १० लिटर वाहणारा घाणेरडा नाला दिवसाला सुमारे ४.३ किलो नत्र आणतो. १ मिलिग्रॅमचा, दिसायला स्वच्छ पण २०० लिटर वाहणारा ओढा १७ किलोंहून अधिक. लोकांचे बोट मात्र नाल्याकडेच जाते! फ्लोरिडातील टँपा बे येथे सांडपाण्यातील नत्र कमी केल्यानंतर पाणी निवळले आणि समुद्री गवत परतले, पण त्याला काही दशके लागली.

गाळ आत्ता उपसू नये. प्राणवायू संपल्यावर गाळातून स्फुरद सुटते हे खरे, पण ओढ्यांतून येणारा भार तसाच राहिला तर तळ पुन्हा भरेल.

प्रश्नकर्त्याकडून

आभारी आहे. आज पहाटे साडेपाचला होडीतून मोजले: वर ५.१, तळाशी १.४. तळाच्या नमुन्याला कुजलेल्या अंड्यांसारखा वास होता. पुढच्या महिन्यापासून ओढ्यांचे प्रवाह मोजू, आणि पहिल्या मोठ्या पावसाचे नमुने दर तासाला घेऊ.