अभ्रकावरची जुनी चित्रं सापडलीत, कशी जपू?

कावेरीकाठची:
माझी आजी तंजावर मराठी. तिच्या ट्रंकेत बिस्किटाच्या डब्यात अकरा चित्रं निघाली. तळहाताएवढी, आरपार दिसणारी, कडांचे पापुद्रे सुटलेले. कुंभार, न्हावी, विणकर, ताडी काढणारा, बहुतेकांच्या शेजारी बायको. कुंभाराच्या रंगाचे पोपडे निघतायत. एकाला तर मुंडकंच नाही. सेलोटेप लावू की लॅमिनेट करू? मावसभाऊ म्हणतो, अमेरिकेला नेऊन तिथे दुरुस्त करतो. आणि अशी आणखी कुठे बघायला मिळतील?

जुनंपुराणं:
टेप नको, लॅमिनेशन तर नकोच नको! अभ्रक रंग शोषत नाही, रंग नुसता वर बसलेला असतो. टेप ओढलीत की न्हावी टेपसकट येईल. ओलं फडकंही लांब ठेवा. सपाट खोक्यात आडवी ठेवा, मध्ये आम्लरहित कागद. त्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आणि भावाला सांगा, १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं चित्र खासगीत परदेशी नेता येत नाही.
वर्णनावरून तिरुचिरापल्लीची वाटतात, एकोणिसाव्या शतकातली. गोरे लोक मायदेशी न्यायला असे संच घेत.

चितारी_नव्हे:
लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या साइटवर भरपूर आहेत. तिथून कंटाळलात की येल विद्यापीठाकडचा १८३७चा मदुरेचा अल्बम, ७२ जाती. जोडपं उभं करायची रीत मात्र कंपनी सरकारच्या कितीतरी आधीची. रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात सोळाव्या शतकातला पोर्तुगीजांसाठी केलेला अल्बम आहे, त्यात गोव्याची माणसंही भेटतात.
माझा लाडका वेल्लोरचा येल्लप्पा. १८३०च्या दशकात त्याने स्वतःलाच चित्र काढताना रंगवलंय. बाकीच्या बहुतेकांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत.
फक्त यावरून ‘विणकर असे दिसत’ असं ठरवू नका. गिऱ्हाइकासाठी काढलेला माल तो, उपाशी विणकर कोण विकत घेणार?

कावेरीकाठची:
अगदी! कुंभारीण आणि विणकरीण यांचा चेहरा एकच आहे, लुगडं तेवढं बदललंय.

जुनंपुराणं:
मुंडकं नसलेलं फाटलेलं समजू नका. काही संचांत चेहरा वेगळ्या पुठ्ठ्यावर असे. वर अभ्रक ठेवायचा, की त्याच चेहऱ्याला नवा पोशाख.

कावेरीकाठची:
थांबा, डब्याच्या तळाशी एक पुठ्ठा होता. मला वाटलं बिस्किटांचाच. बघून येते.