मँचेस्टरची ‘सेनेट’ म्हणजे अधिसभा नव्हे: इंग्लिश शहरी विद्यापीठांतले शब्द मराठीत कसे आणावेत?

विचारणा

मँचेस्टरमधल्या विद्यापीठांच्या इतिहासावर मराठीत लेख लिहितो आहे. चॅन्सलर, व्हाइस-चॅन्सलर, सेनेट, कोर्ट, पॉलिटेक्निक हे शब्द पदोपदी येतात. आपल्या विद्यापीठ कायद्यातले कुलपती, कुलगुरू, अधिसभा हे शब्द तयारच आहेत. ते जसेच्या तसे वापरावेत का? आणि ‘मॉडर्न युनिव्हर्सिटी’ला ‘आधुनिक विद्यापीठ’ म्हटले तर चालेल का? जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

कुलगुरू खुशाल वापरा. रोजचा कारभार हाकणारा प्रमुख हा अर्थ दोन्हीकडे जुळतो. मँचेस्टर विद्यापीठात ‘प्रेसिडेंट अँड व्हाइस-चॅन्सलर’ असे जोडनाव आहे, त्यालाही कुलगुरू पुरेसे आहे.

कुलपती लिहिताना मात्र जपून. आपल्याकडे राज्यपाल पदसिद्ध कुलपती असतात आणि कुलगुरूंची नेमणूक तेच करतात. वाचकाच्या मनात त्या शब्दाला अधिकाराचा वास आहे. इंग्लंडमधला चॅन्सलर पदवीदानाला अध्यक्ष असतो, विद्यापीठाचे नाव चारचौघांत नेतो, पण कारभारात हात घालत नाही. मँचेस्टरने २०१५ साली लेम सिसे या कवीला चॅन्सलर निवडले, तेही मतदानाने. कर्मचारी आणि माजी विद्यार्थीही त्यात मतदार होते. सिसे यांचे बालपण सांभाळापुरते घेतलेल्या (फॉस्टर) कुटुंबात आणि बालगृहांत गेले. अशा माणसाला एका मोठ्या शहराचे विद्यापीठ आपला चॅन्सलर निवडते, ही गोष्ट नुसत्या ‘कुलपती’ शब्दातून वाचकापर्यंत पोचणार नाही. पहिल्या उल्लेखात ‘मानद कुलपती’ लिहा, पुढे नुसते कुलपती चालेल.

प्रतिसाद २

सगळ्यात मोठा घोटाळा ‘सेनेट’चा होतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

आपली अधिसभा म्हणजे प्रतिनिधींचे मोठे मंडळ. नोंदणीकृत पदवीधर, प्राचार्य, संस्थाचालक, अध्यापक यांचे प्रतिनिधी तिथे बसतात, अर्थसंकल्पावर बोलतात, प्रशासनाला प्रश्न विचारतात. अभ्यासक्रम, परीक्षा, संशोधन हे विषय विद्यापरिषदेकडे. मँचेस्टरची सेनेट नेमके हे दुसरे काम करते. ती शिकवणाऱ्यांची सभा आहे. तिला अधिसभा म्हटले की अर्थ उलटा होतो, ‘विद्यापरिषद’च म्हटले पाहिजे.

हा फरक कुठून आला ते पाहण्यासारखे आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाले. १८३६ चे ते लंडन विद्यापीठ स्वतः शिकवत नव्हते, परीक्षा घेऊन पदव्या देत होते आणि त्याची सेनेट हे वरून नेमलेले सत्ताधारी मंडळ होते. मुंबईने तोच साचा उचलला. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन पहिले चॅन्सलर झाले, आणि चॅन्सलर, व्हाइस-चॅन्सलर व फेलो (म्हणजे नेमलेले सदस्य) मिळून सेनेट. आपली अधिसभा या घराण्यातली आहे.

मँचेस्टरची वाट निराळी. जॉन ओवेन्स हा तिथला कापडाचा व्यापारी १८४६ साली वारला. त्याने सुमारे ९७ हजार पौंड एका कॉलेजसाठी ठेवले आणि अट घातली की, विद्यार्थी किंवा शिक्षक कोणत्या पंथाचा आहे याची चौकशी होऊ नये. ऑक्सफर्ड-केंब्रिजमधली धार्मिक बंधने बव्हंशी उठली ती १८७१ च्या कायद्याने, हे लक्षात घेतले म्हणजे या अटीचे मोल कळते. क्वे स्ट्रीटवर खुल्या व्यापाराचे पुरस्कर्ते राजकारणी रिचर्ड कॉब्डेन यांच्या जुन्या घरात १८५१ साली ओवेन्स कॉलेज सुरू झाले. पदवी मात्र लंडनची. म्हणजे शिकवणार मँचेस्टरचे प्राध्यापक, आणि प्रश्नपत्रिका काढणार लंडनचे परीक्षक. रसायनशास्त्राचे हेन्री रॉस्को आणि त्यांचे सहकारी स्वतःच्या विद्यापीठासाठी झटले. ज्याने शिकवले त्यालाच परीक्षेत अधिकार हवा, हा त्या मागणीतला कळीचा मुद्दा होता. त्यातून १८८० साली व्हिक्टोरिया विद्यापीठ उभे राहिले. १८८४ साली लिव्हरपूलचे कॉलेज आणि १८८७ साली लीड्सचे कॉलेज त्यात आले. पुढे १९०० साली बर्मिंगहॅमने एकट्याच्या नावावर सनद, म्हणजे विद्यापीठ स्थापण्याचे राजाज्ञापत्र, मिळवली आणि या संघातल्या शहरांनाही आपापले विद्यापीठ हवेसे झाले. १९०३ मध्ये लिव्हरपूल आणि मँचेस्टर, १९०४ मध्ये लीड्स अशी तीन स्वतंत्र विद्यापीठे झाली. अध्यापकांची सेनेट या परंपरेत इतकी महत्त्वाची का, याचे उत्तर मला या झगड्यात दिसते.

आता ‘कोर्ट’. त्याला न्यायालय तर म्हणायचे नाहीच. नगरपालिका, व्यवसाय, शाळा, पदवीधर अशा बाहेरच्या मंडळींची ही मोठी सभा. खरे तर आपल्या अधिसभेच्या जवळ जाते ती हीच. पैसा आणि मालमत्ता पाहणारी ‘कौन्सिल’ किंवा आजचे ‘बोर्ड ऑफ गव्हर्नर्स’ यांना ‘नियामक मंडळ’ म्हणावे. ‘व्यवस्थापन परिषद’ मला पटत नाही, कारण तिकडच्या मंडळात विद्यापीठाबाहेरच्या सदस्यांचे बहुमत असते.

विचारणाकर्ता

फार उपयोगी, आभार. मग ऑक्सफर्ड रोडवरच्या दुसऱ्या विद्यापीठाचे, मँचेस्टर मेट्रोपॉलिटनचे काय? ते आधी ‘तंत्रनिकेतन’ होते असे लिहिले आहे.

प्रतिसाद ३

तो शब्द आधी काढा, ही कळकळीची विनंती. आपल्याकडे तंत्रनिकेतन म्हणजे दहावीनंतर अभियांत्रिकीची पदविका देणारी संस्था. मँचेस्टर पॉलिटेक्निक १९७० साली शहरातली कला, वाणिज्य आणि तंत्रज्ञानाची कॉलेजे एकत्र करून झाले आणि तिथे पदवीचे शिक्षण मिळत होते. स्वतःची पदवी देण्याचा हक्क तेवढा नव्हता. १९६४ साली स्थापन झालेली एक राष्ट्रीय परिषद या संस्थांच्या पदव्या प्रमाणित करत असे. शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी १९६५ साली लंडनमधल्या वूलिच इथल्या भाषणात उच्च शिक्षणाचे हे दोन रूळ मांडले होते: एकीकडे सनदधारी विद्यापीठे, दुसरीकडे स्थानिक प्रशासनाच्या हाताखालची पॉलिटेक्निके. १९८८ च्या कायद्याने पॉलिटेक्निके नगरपालिकांपासून सुटली आणि १९९२ च्या कायद्याने त्यांना विद्यापीठ म्हणवून घेता आले. म्हणून ‘पॉलिटेक्निक’ देवनागरीत तसेच ठेवा.

‘मॉडर्न युनिव्हर्सिटी’चा तिकडचा रूढ अर्थही हाच, १९९२ मध्ये किंवा त्यानंतर विद्यापीठ झालेली संस्था. ‘आधुनिक’ म्हटले की वाचक नव्या इमारती आणि नवे विषय डोळ्यांपुढे आणेल. मेट्रोपॉलिटनची मुळे तर १८३८ च्या स्कूल ऑफ डिझाइनपर्यंत जातात, म्हणजे ओवेन्स कॉलेजच्याही आधी. ‘१९९२नंतरची विद्यापीठे’ असेच लिहा, लांब वाटले तरी.

या विद्यापीठांच्या रचनेतही फरक आहे. सनदेऐवजी कायद्याने बनलेले महामंडळ, वर नियामक मंडळ, आणि शैक्षणिक बाबींसाठी बहुधा सेनेटऐवजी ‘ॲकॅडेमिक बोर्ड’. भाषांतरात दोन्हींना ‘विद्यापरिषद’ चालेल, पण नियामक मंडळाचा वरचष्मा इथे अधिक, एवढे एका वाक्यात सांगाच.

प्रतिसाद ४

मँचेस्टर, लिव्हरपूल, लीड्स अशा शहरी विद्यापीठांना ‘रेडब्रिक’ आणि ‘सिव्हिक’ही म्हणतात, त्या शब्दांबद्दल थोडे. आधी ‘रेडब्रिक’. लिव्हरपूलचे स्पॅनिशचे प्राध्यापक एडगर ॲलिसन पिअर्स यांनी १९४३ साली टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकातून हा शब्द पसरला. लिव्हरपूलच्या व्हिक्टोरिया इमारतीच्या लाल विटा त्यामागे आहेत. ‘लाल विटांची विद्यापीठे’ मराठीत छान बसते. ‘सिव्हिक’ला ‘नागरी’ नको, ते मुलकी किंवा शहरी एवढेच सांगते. शहरातल्या लोकांनी स्वतःच्या पैशाने उभे केलेले, हा अर्थ हवा. मी ‘शहराने उभारलेले विद्यापीठ’ असे सोडवून लिहीन.

प्रतिसाद १ देणाऱ्याकडून पुरवणी

पदनामांत एक काळजी घ्या. आपल्याकडे कॉलेजात शिकवणारा कोणीही ‘प्रा.’ होतो. तिकडे प्रोफेसर ही सर्वांत वरची पायरी, त्याखाली पूर्वी रीडर, त्याखाली लेक्चरर. त्यांना अनुक्रमे प्राध्यापक, प्रपाठक, अधिव्याख्याता हे शब्द आहेत आणि ते काटेकोर वापरावेत. अर्नेस्ट रदरफोर्ड १९०७ ते १९१९ मँचेस्टरला प्राध्यापक होते. नील्स बोर पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे होते ते रीडर म्हणून, आणि संगणकशास्त्राचे अध्वर्यू ॲलन ट्युरिंग १९४८ साली आले तेही रीडर म्हणूनच. तुमच्या लेखात ट्युरिंग येणारच, तेव्हा त्यांच्या नावामागे ‘प्रा.’ न लावता ‘गणित विभागातले प्रपाठक’ असे लिहा.