नाताळच्या भेटी हातानं करायच्यात आणि घरात लहान मुलं आहेत: तुमचे अनुभव सांगा

वसईकरीण:
आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार आला की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्याकडे माणसं भरपूर, सासूबाई, दोन नणंदा, आत्या, माझी आई, बाप्तिस्म्याच्या वेळची माझी गॉडमदर, आणि लग्नाआधीपासूनची माझी सवय की नाताळला प्रत्येकीला हातानं केलेलं काहीतरी द्यायचं. आता मुलगा चार वर्षांचा आहे आणि मुलगी दीड. गेल्या वर्षी मी सहा उशांचे अभ्रे भरायला घेतले. 23 तारखेला रात्री दोन वाजता तिसरा चालू होता, मुलगी तापानं फणफणलेली, मांडीवर ती आणि हातात सुई. तीनच झाले. नाताळची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) संपल्यावर चर्चच्या आवारात सगळ्या भेटल्या तेव्हा ज्यांना काही देता आलं नाही त्यांच्याकडे मला बघवेना. कोणी एक शब्द बोललं नाही, तरी ते अजून लागतंय मला.
सोडून द्यायचं नाहीये. लहान मुलं असताना तुम्ही काय केलंत, काय जमलं, काय फसलं, मापासकट सांगा.

जुईची_आई:
आम्ही मिठाच्या पिठाचे तारे करतो. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाणी वाटीभर काढून ठेवायचं पण थोडं थोडं घालायचं, पुरीच्या पिठाइतकं घट्ट हवं. पाव इंच जाड लाटून साच्यानं कापायचं, वर स्ट्रॉनं भोक पाडायचं आणि ओव्हनमध्ये 120 वर दोन-अडीच तास. पोरांना पीठ मळायला फार आवडतं, तेवढा वेळ घर शांत असतं. फक्त तोंडात घालू द्यायचं नाही, मीठ फार असतं त्यात.
पहिल्या वर्षी जे झालं ते सांगते. आजीनं तिचा तारा जपून कपाटात ठेवला होता आणि जुलैत काढला तर मऊ पडून खालचं टोक गळालेलं. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडचा पावसाळा म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे. आता पूर्ण गार झाल्यावर दोन्ही बाजूंनी आणि भोकाच्या आतूनसुद्धा वॉर्निशचे दोन हात देते आणि देताना सांगते की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तीन वर्षं झाली, शाबूत आहेत.

टाका_सुलट:
विणकाम करणाऱ्यांनो, ऑगस्टमध्ये सुरू करा, याला दुसरा उपाय नाही. मी एका माणसाला एकच छोटी वस्तू धरते, कानटोपी किंवा मफलर, स्वेटर नाही. नक्षी अशी घ्यायची की मूल रडलं म्हणून मधेच उठलं तरी कुठे होतो ते बघून कळतं, दोन सुलट दोन उलट, बस. जाळीची नक्षी मुलं शाळेत जायला लागल्यावर.
आणि भाच्या-पुतण्यांसाठी बाहुली करत असाल तर डोळ्यांना बटणं लावू नका. मी लावली होती. माझ्याच मुलानं एक ओढून काढलं आणि तोंडात घातलं, मी समोर होते म्हणून बोट घालून काढता आलं. तेव्हापासून डोळे दोऱ्यानंच भरते.

नगरकर:
मी बाबा आहे, मला शिवणटिपण येत नाही, तरी लिहितो. आमच्या अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) घरी नाताळ म्हणजे करंज्या-चकल्यांचा फराळ आणि रेव्हरंड टिळकांची, म्हणजे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची, गीतं. टिळक 1919 साली गेले, शंभरावर वर्षं झाली, पण आजीला आजही ती तोंडपाठ. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि गीतांच्या पुस्तकातली बारीक अक्षरं तिला दिसेनात. ती ओळीच्या मधे थांबायची, शब्द शोधत बसायची. मग मी ड्रॉइंगची मोठी वही आणली आणि रोज रात्री मुलगी झोपल्यावर एक गीत जाड मार्करनं लिहायला लागलो, एका पानावर आठच ओळी. पाच वर्षांची आहे ती, सकाळी उठून त्या पानाच्या कडेला चित्र काढायची. गाईगुरं, गव्हाण, एका पानावर आमची स्कूटर. 22 गीतं झाली. खर्च वही आणि चार मार्कर.
आजीनं नाताळच्या सकाळी वही उघडली आणि चष्मा न लावता पहिलं गीत पूर्ण म्हटलं. मी आत जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

हायडेलबर्गहून:
इथे जर्मनीत मुलांसाठी 1 ते 24 डिसेंबरचं कॅलेंडर करतात, रोज एक पुडी उघडायची. पहिल्या वर्षी दुकानातलं चॉकलेटचं आणलं, पुढच्या वर्षी आईच्या जुन्या साड्यांच्या 24 छोट्या पिशव्या शिवल्या, तळहाताएवढ्या, तोंडाला नाडी. इरकलीचा काठ वर आला की किती सुंदर दिसतं! आत महाग काही नाही, एक अक्रोड, एक स्टिकर, एखाद्या चिठ्ठीवर "आज आजीला फोन". पिशव्या एकदाच शिवायच्या आहेत, दर वर्षी त्याच दोरीवर लागतात, त्यामुळे आता मला नोव्हेंबरात फक्त भरायचं काम उरतं. भारतात पाठवणार असाल तर ऑक्टोबरातच टाका, माझं एक पार्सल संक्रांतीनंतर पुण्यात पोचलं.

पणजीहून:
आमच्या घरी नक्षत्र, म्हणजे नाताळचा चांदणीच्या आकाराचा कंदील. बाबा बांबूच्या कामट्या तासून देतात, पाच पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधायच्या, मग एकीवर एक ठेवून टोकं बांधली की मधे आडव्या काड्या देऊन पोट फुगवायचं. वर पतंगी कागद, मैद्याच्या खळीनं चिकटवलेला. आकाशकंदील केलेल्याला लगेच जमेल. कामटीची कूस बोटात जाते म्हणून तासायचं काम मोठ्यांचं, खळ लावायचं काम मुलांचं. मी दर वर्षी एकच नक्षत्र एका घराला देते, पाळीपाळीनं. यंदा मावशीचा नंबर, पुढच्या वर्षी काका. सगळ्यांना माहीत असतं कोणाची पाळी आहे आणि वाट बघतात.
वसईकरीण ताई, अजून एक. जे 25 ला होत नाही ते मी 6 जानेवारीला देते. आमच्याकडे गोव्यात त्या दिवशी तीन राजांचं फेस्त (सण) मोठं, बाळ येशूला भेटी घेऊन आलेले ते राजे, रेइश मागुश, कांसावली, चांदर या गावांत तर घोड्यावरनं राजे येतात, आणि तेही भेटी घेऊन 25 ला पोचले नव्हतेच ना. ते बारा दिवस मला फार उपयोगी पडतात.

दोघांची_आई_पुणे:
मी वेगळं सांगते. धाकटा झाला त्या वर्षी काहीच केलं नाही. तब्येत बरी नव्हती, झोप नव्हती. सासूबाईंना आधीच फोन करून सांगितलं की आई यंदा माझ्याकडून काही येणार नाही, तर त्या म्हणाल्या, "अगं, तू झोप. मीच येते." आल्या आणि चार दिवस बाळाला सांभाळलं. गेल्या वर्षी परत सुरू केलं तेव्हा त्यांना अॅप्रन दिला, सुती, त्यावर दोन्ही मुलांच्या हातांचे ठसे. फॅब्रिक कलर स्पंजनं तळहाताला लावायचा, ओतायचा नाही. एक दिवस वाळवून उलट्या बाजूनं गरम इस्त्री, मग धुतलं तरी जात नाही. जेवण झाल्यावर, पोट भरलेलं असताना घ्या ठसे.

वसईकरीण:
आज दुपारी सहा अॅप्रन समोर घेऊन बसले! मुलाचे सहाही छान आले. मुलीला रंग गार लागला आणि तिनं मूठच वळली, बोटं काही केल्या उघडेना, सगळीकडे गोल गोल मुठीच उमटल्यात आणि अंगठ्याचा एक ठिपका. आईच्या अॅप्रनवर तर मूठ तीनदा आलीये, तिथे तिला मजा यायला लागली होती. तशाच ठेवते. उद्या इस्त्री.
गॉडमदरला मी 6 तारखेला नक्षत्र देणार, तिला मुलांनी खळ लावलेलं फार आवडेल. वसईत तासलेल्या कामट्या कुठे मिळतील, कोणा बुरुडाचं दुकान माहीत आहे का?